देवाच्या राज्याचे वतन

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचला जातो. आप्पा होते तोवर ते वाचत आणि आम्ही ऐकत असू. ते गेल्यानंतर आईने पाळ्या लावून दिल्या. वाचन क्रमाने होते आणि काहीही गाळायचे नाही, इतिहासाच्या पुस्तकांतल्या लांबलचक वंशावळीसुद्धा नाहीत, असा आप्पांचा दंडक होता. "आवडेल तेवढेच वाचायचे असेल तर वर्तमानपत्र आहे की," असे ते म्हणत. आमच्या शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. रोज एक या हिशेबाने प्रत्येक अध्याय साधारण सव्वातीन वर्षांनी पुन्हा समोर येतो, आणि मधल्या काळात वाचणाऱ्यांच्या आयुष्यात जे काही घडून गेलेले असते त्यामुळे तो दर वेळी थोडा वेगळा ऐकू येतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय असाच आहे. त्यात कोणाला देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही याची यादी पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने दिली आहे. लहानपणी त्या यादीतल्या गुन्ह्यांपेक्षा 'वतन' हा शब्दच मला जास्त कळे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ वारसा मिळणे असा आहे आणि इंग्रजीत तो तसाच येतो. पण मराठी भाषांतरकारांनी 'वतन' योजला आणि त्या एका शब्दासरशी पाटीलकी, कुलकर्णीपण, इनामाची शेते आणि गावकुसाच्या आतबाहेरची सगळी माणसे त्या वाक्यात येऊन बसली. 'वतन मिळणार नाही' हे मराठी कानाला 'स्वर्गात जाणार नाही' असे ऐकू येत नाही. 'तू या गावचा नाहीस' असे ऐकू येते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या कित्येक घराण्यांना, आमच्यासह, वतनाची दुसरीही बाजू ठाऊक होती, कारण आमच्या पणजोबांच्या वाट्याला आलेले वतन म्हणजे गावची मेलेली गुरे ओढणे आणि दारोदार भाकरी मागणे होते. ते वतन सोडून त्यांनी हे दुसरे वतन पत्करले. म्हणून ते कोणाला मिळणार नाही, हा आमच्याकडे पुस्तकी प्रश्न नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ बद्दलचा निकाल दिला, त्यानंतरच्या एका रविवारी आमच्या मराठी उपासनेला एक पाहुणे उपदेशक आले होते. त्यांनी हीच यादी वाचली. वाचून झाल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मराठीत जरा आडून लिहिले आहे, इंग्रजीत स्पष्ट आहे," आणि मग त्यांनी मोबाइलमधून तो इंग्रजी शब्द वाचून दाखवला, ज्याला आपण मराठीत समलिंगी म्हणतो. माझा भाचा तेव्हा पेटीवर बसलेला होता. उपदेशानंतरचे गीत त्याने वाजवले, सूर कोठेही चुकला नाही. पुढच्या रविवारी पेटीवर दुसरे कोणी होते, त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि त्याचे काय झाले हे मंडळीत कोणी विचारले नाही, यात मीही आले.

तीन महिन्यांनी, नाताळाच्या आधी, तो घरी आला. आई आणि मी करंज्या भरत होतो. आई आत गेली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, मी तसा आहे." मी काही बोलण्याच्या आधीच त्याने पुढचे वाक्य म्हटले, आणि मला वाटते तेच विचारण्यासाठी तो आला होता: "तू एवढी वर्षे मराठी शिकवलीस. इंग्रजीत स्पष्ट आहे म्हणजे काय गं?"

मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. ग्रीक आणि इब्री मला येत नाही. जे कळते ते शब्दकोशांच्या आणि टीकाग्रंथांच्या आधाराने, अडखळत. पण बेळगावच्या माणसाला एक सवय आपोआप लागते. दुकानाच्या पाटीपासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत सगळे त्याला दोन भाषांत वाचावे लागते, आणि दोन्हींत तेच लिहिले आहे असे तो कधीच गृहीत धरत नाही. आमच्या गावाचे नाव सरकारदरबारी बदलले ते १ नोव्हेंबर २०१४ पासून. आम्ही घरात बेळगावच म्हणतो, कन्नड शेजारी बेळगावी म्हणतात, आणि एका अक्षरावरून या गावात काय काय होऊ शकते हे आम्हा दोघांनाही पुरते माहीत आहे. तेव्हा त्या संध्याकाळी आम्ही घरातली सगळी पवित्र शास्त्रे जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली: मराठीची दोन, आप्पा बैलहोंगलला नोकरीला असताना घेतलेले कन्नड एक, आणि इंग्रजीची तीन.

यादीत लागोपाठ दोन ग्रीक शब्द येतात, 'मालाकोई' आणि 'आर्सेनोकोइताई'. वाद आहे तो या दोन शब्दांचा. आमच्याकडच्या एका मराठी आवृत्तीत त्यांच्या जागी 'स्त्रीसारखा संभोग देणारे' आणि 'पुरुषसंभोग घेणारे' अशी जोडी छापलेली आहे. कन्नडमध्ये 'विटरु' आणि 'पुरुषगामिगळु' आहे. येथेच आम्ही दोघे थबकलो. विट म्हणजे संस्कृत नाटकांतला छंदीफंदी, गणिकांच्या वस्तीत रमणारा माणूस. बायकांच्या मागे लागणाऱ्याला विट म्हणतात. म्हणजे मलप्रभेच्या एका काठावर ज्या शब्दाचा अर्थ बायकी पुरुष असा लागतो, त्याचाच दुसऱ्या काठावर बाईलवेडा पुरुष असा लागतो, आणि दोन्ही काठांवरचे लोक रविवारी 'हे देवाचे वचन' म्हणून पुस्तक मिटतात. मला आधी वाटले की कन्नड भाषांतरकारांची ही चूक असावी. पण प्राचीन ग्रीक लेखक 'मऊ' हे विशेषण ऐषारामी, आळशी, खाण्यापिण्यात बुडालेल्या आणि स्त्रियांच्या नादी लागलेल्या पुरुषालाही लावत, हे डेल मार्टिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, तेव्हा कन्नडवाले अगदीच वाटेबाहेर गेले नव्हते. त्या शब्दाचा मूळ अर्थ मऊ एवढाच आहे. येशूने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलताना राजवाड्यात तलम कपडे घालून वावरणाऱ्यांचा उल्लेख केला आहे, तेथे त्या कपड्यांना हेच विशेषण आहे.

भाच्याला मी 'मवाळ' या शब्दाचे उदाहरण दिले. टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली त्या काळातले एखादे मराठी पत्र दोन हजार वर्षांनी कोणा परदेशी पंडिताच्या हाती पडले आणि त्यात 'मवाळांना यश मिळणार नाही' असे वाक्य आढळले, तर तो काय भाषांतर करील? कोशात तर मऊ, नरम, सौम्य असे अर्थ मिळतील. गोखले आणि मेहता त्याला कोशात भेटणार नाहीत. तो प्रामाणिकपणे 'सौम्य स्वभावाची माणसे' असे लिहील आणि त्याच्या देशातली सौम्य माणसे पुढची पन्नास वर्षे हवालदिल होतील. भाचा हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच हसला, म्हणून मला ते आठवते.

दुसरा शब्द अधिक अवघड आहे. तो सामासिक आहे: 'आर्सेन' म्हणजे पुरुष आणि 'कोइते' म्हणजे शय्या. पौलाच्या आधी तो कोणी वापरल्याचे आढळत नाही, म्हणजे संदर्भाने अर्थ लावावा तर संदर्भही हाताशी नाही. समासाची फोड करून अर्थ मिळतोच असे नाही, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवत असे. पोटभाडेकरू पोटात राहत नाही आणि घोडचुकीत घोडा नसतो, असे म्हटले की मुले खिदळत. पण लगेच मी त्यांना घरजावईही सांगत असे, कारण घरजावई हा घरातलाच जावई असतो आणि तेथे फोड केली की अर्थ हाती येतो. पौलाचा शब्द पोटभाडेकरूसारखा आहे की घरजावयासारखा, एवढाच खरे तर वाद आहे. तो घरजावयासारखा आहे असे म्हणणाऱ्यांचा पुरावा कच्चा नाही. अभ्यासक डेव्हिड राइट यांनी १९८४ साली दाखवले की लेवीय पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, विसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात, हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, आणि पौल ते ग्रीक भाषांतर वाचून वाढलेला माणूस होता. मला स्वतःला हा मुद्दा पटतो, आणि मी तो भाच्यापासून लपवला नाही. उलट बाजूही आहे: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा शब्द माणसे पळवून विकणाऱ्यांच्या अगदी शेजारी बसला आहे, आणि सहाव्या शतकातल्या योहान नावाच्या धर्मप्रमुखांच्या नावावर असलेल्या एका लेखात काही पुरुष आपल्या बायकांशीही हेच पाप करतात असे म्हटले आहे. बायकोशी करता येणारे पाप 'समलिंगी' कसे, याचे उत्तर इंग्रजीत स्पष्ट म्हणणाऱ्यांनी द्यायला हवे. मार्टिन ल्यूथरच्या १५४५ च्या जर्मन शास्त्रात या जागी जो शब्द आहे त्याचा अर्थ पोरांना नासवणारे असा होतो. जर्मन मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या हे वचन मुलांवर अत्याचार करणाऱ्यांविरुद्ध आहे असे समजत आल्या.

आणि इंग्रजी तरी कोणते? १६११ च्या जुन्या इंग्रजी शास्त्रात पहिल्या शब्दासाठी बायकी आणि दुसऱ्यासाठी पुरुषांशी गैरवर्तन करणारे अशा अर्थाची शब्दयोजना आहे. उपदेशकांनी वाचून दाखवलेला शब्द शास्त्रात प्रथम शिरला तो १९४६ साली, रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनच्या नव्या करारात. येल विद्यापीठातले ल्यूथर वायगल त्या समितीचे अध्यक्ष होते. समितीने दोन ग्रीक शब्द एकत्र करून त्यांच्या जागी हा एकच शब्द घातला आणि तळाशी बारीक अक्षरांत तशी टीप दिली. तळटीप कोण वाचतो? १९५९ मध्ये ईश्वरविज्ञानाच्या एका तरुण विद्यार्थ्याने वायगल यांना पत्र लिहून या शब्दाने होणारा अनर्थ समजावून सांगितला. वायगल यांनी ते मनावर घेतले, पण बदल व्हायला १९७१ ची दुसरी आवृत्ती उजाडली, आणि तेव्हाही शब्द बदलून आला तो 'लैंगिक विकृत' अशा अर्थाचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात. १९८९ च्या सुधारणेत तो पुन्हा बदलला, २०२१ च्या सुधारणेत आणखी एकदा. दरम्यान इतर इंग्रजी भाषांतरांनी जुना शब्द उचलला होता आणि त्यांच्या प्रती, टीपांसह आणि टीपांवाचून, जगभर पोहोचल्या होत्या. शब्द मागे घेणाऱ्यांनी तो मागे घेतला, तरी तो आमच्या उपासनेत मोबाइलमधून आलाच.

तो शब्दही फार जुना नाही. कार्ल मारिया केर्टबेनी नावाच्या लेखकाने तो १८६९ साली जर्मनमध्ये प्रथम छापला, आणि कशासाठी, तर अशा संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याला विरोध करण्यासाठी. माणसे सोडवण्यासाठी घडवलेली किल्ली पुढे त्यांना कोंडण्याच्या कामी आली.

या सगळ्यात माझ्या मते महत्त्वाचे काय आहे, ते मराठी व्याकरणात सांगता येते. 'घेणारे', 'देणारे', 'करणारे' ही धातुसाधिते आहेत. ती कृतीवरून माणसाला नाव देतात आणि कृती थांबली की नाव गळून पडते. चोरी न करणारा चोर राहत नाही. 'समलिंगी' हे तसे नाव नाही. ते माणूस कोण आहे ते सांगते, तो काय करतो ते नव्हे. एखाद्याने कोणालाही कधी स्पर्शही केला नसला तरी तो समलिंगी असतो, आणि माझा भाचा त्या रविवारी पेटीवर बसलेला असताना नेमका एवढाच होता. पौलाच्या यादीत हे नाव घातले की कृत्यांची यादी माणसांच्या जातींची यादी होते. आणि जन्माने चिकटणाऱ्या, काही केल्या न सुटणाऱ्या नावाने माणसाला वतनाबाहेर ठेवणे ही गोष्ट आमच्या घराण्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

पण मराठी शब्दयोजनाही मला निर्दोष वाटत नाही. 'स्त्रीसारखा' हे विशेषण तेथे कशासाठी आहे? मूळ ग्रीक वचनात स्त्री हा शब्द नाही. मऊ असणे म्हणजे बाईसारखे असणे आणि बाईसारखे असणे म्हणजे पुरुषाचा अधःपात, ही समजूत ग्रीकांची होती तशी आपलीही होती, म्हणून भाषांतरकाराला तो शब्द घालताना खटकला नसावा. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिने हे वचन आयुष्यात पंचवीस वेळा तरी ऐकले असेल. मी तिला विचारले की 'स्त्रीसारखा' हे पापाच्या यादीत ऐकताना तुला काही वाटत नसे का. ती म्हणाली, "वाटायचं की. पण ते माझ्यासाठी लिहिलेलं नाही म्हणून सोडून द्यायची."

आमच्या जिल्ह्यात या विषयाला आणखी एक धागा आहे, आणि तो बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्यापासून दूर नाही. माघ पौर्णिमेच्या आसपास भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर त्या रस्त्याने जाताना मी लहानपणापासून पाहत आले आहे. देवीला वाहिलेले जोगते, ज्यांना कन्नडमध्ये जोगप्पा म्हणतात, पुरुष म्हणून जन्मलेले पण लुगडे नेसणारे, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, घेऊन आणि हातात चौंडके धरून आमच्या गल्लीत येत. ख्रिस्ती घरांच्या दारांत ते सहसा थांबत नसत. एक जोगता मात्र आमच्या दाराशी थांबे, पाणी मागे आणि आई त्याला पाणी देई. आप्पा त्या वेळी पुस्तकातून डोके वर काढत नसत. त्या न पाहण्यात तिरस्कार होता की संकोच, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अनुवाद पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएलाच्या मुलींपैकी कोणी 'कदेशा' आणि मुलांपैकी कोणी 'कादेश' होऊ नये असे वचन आहे. हे दोन्ही शब्द 'पवित्र' या अर्थाच्या इब्री धातूपासून आले आहेत, वाहिलेली, वाहिलेला. देवळात त्यांचे नेमके काम काय होते, त्यात देहविक्रय होता की नव्हता, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला एक क्षण पुरेल. तो लगेच डोंगराकडे बोट दाखवील. पण १६११ च्या इंग्रजीने 'कादेश'चे भाषांतर पापांमुळे देवाने नष्ट केलेल्या सदोम गावाच्या नावावरून बनलेल्या शब्दाने केले, आणि देवाला वाहिलेल्या माणसाचे एका झटक्यात सदोमकर झाले, ज्याच्याशी मूळ वचनाचा काही संबंध नव्हता. सदोमाचे पाप कोणते, हे यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात सांगूनच ठेवले आहे: गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत सुख, आणि गरिबांना हात न देणे. त्या पापावरून कोणत्याही भाषेत शिवी तयार झाली नाही.

देवदासी वाहण्याला कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, आणि तिच्याबद्दल मला जराही हळहळ नाही. त्या प्रथेने कोणत्या घरांतल्या मुली ओढून नेल्या हे आमच्या वस्त्यांना चांगले माहीत आहे. जोगप्पांचे जिणे गोड करून सांगण्याचीही माझी इच्छा नाही. पण २०२१ साली बल्लारीकडच्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांनी राष्ट्रपती भवनात पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दूरचित्रवाणीवर पाहताना आई म्हणाली, "आपल्याकडे पाणी प्यायला यायचा तो कुठे असेल गं आता?" यल्लम्माच्या डोंगरावर अशा माणसाला निदान बसायला एक पायरी होती. आमच्या मंडळीत त्याला पाठीमागचे बाकही नव्हते, आणि देवाच्या राज्याचे वतन मात्र आमच्याकडे होते.

लेवीय पुस्तकातला 'तोएबा' हा शब्दही असाच. मराठीत त्याला अमंगळ म्हणतात आणि तो ऐकला की पुढचे बोलणे संपते. पण उत्पत्तीच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात योसेफाच्या घरी पंगत बसते तेव्हा मिसरी लोक इब्री लोकांबरोबर जेवत नाहीत, कारण ते मिसऱ्यांना 'तोएबा' आहे. म्हणजे ज्याने एका पंगतीत बसता येत नाही तो विटाळ. ओंजळीत वरून पाणी घेतलेल्या माणसांच्या नातवंडांनी हा शब्द दुसऱ्या कोणाला लावताना निदान एकदा अडखळावे, असे मला वाटते.

असे सगळे शब्द सोडवून झाले की प्रश्न सुटला, असे भाच्याला वाटू लागले होते, आणि तेथे मला त्याला थांबवावे लागले. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात दुर्मीळ शब्दाचा आडोसा नाही. पौल तेथे स्त्रियांबद्दलही बोलतो, पुरुषांबद्दलही बोलतो, आणि जे म्हणतो ते कोणत्याही भाषेत जवळजवळ सारखेच उतरते: त्यांनी नैसर्गिक व्यवहार सोडून निसर्गाविरुद्ध वर्तन केले. पौल आज असता तर त्याने माझ्या भाच्याला आशीर्वाद दिला असता असे मी म्हणू शकत नाही, आणि जे म्हणवत नाही ते भाषांतरावर ढकलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मात्र दोन गोष्टी मला त्याच पत्रात दिसतात. 'निसर्गाविरुद्ध' यासाठी पौलाने जे दोन शब्द वापरले, 'पारा फ्युसिन', तेच त्याने अकराव्या अध्यायात देवाबद्दल वापरले आहेत: देवाने रानटी जैतुनाची डहाळी निसर्गाविरुद्ध बागेतल्या जैतुनावर लावली, आणि ती डहाळी म्हणजे यहूदी नसलेले आपण सगळे. शेतकऱ्याच्या भाषेत देवाने कलम बांधले. मराठीत 'कलम' हाच शब्द झाडालाही आहे आणि कायद्यालाही; मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० च्या दंडसंहितेत आलेले कलम ३७७ 'निसर्गाच्या नियमाविरुद्ध' या शब्दांवरच उभे होते. एका कलमाने माणसे तुरुंगात जात होती आणि दुसऱ्या कलमाने आम्ही मंडळीत आलो होतो.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. अध्यायांची विभागणी पौलाची नाही. ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या स्टीफन लँग्टन या धर्माधिकाऱ्याने केली. पौलाचे पत्र एका दमात वाचून दाखवण्यासाठी होते. पहिल्या अध्यायात तो इतरांची पापे मोजत जातो, ऐकणाऱ्यांच्या माना डुलू लागतात, आणि अगदी पुढच्याच वाक्यात तो त्यांच्याकडे वळून म्हणतो की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब राहिलेली नाही. ते वाक्य दुसऱ्या अध्यायाचे पहिले वचन झाले. रोज एक अध्याय वाचणाऱ्या आमच्या घरात पहिला अध्याय वाचून आम्ही जेवायला बसत होतो आणि ते वाक्य दुसऱ्या रात्री, माना डुलणे विसरल्यावर, येत होते. आप्पांनी काही गाळू दिले नाही हे खरे, पण कोठे थांबायचे याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "मग त्या रात्री दोन वाचा की."

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावचा. ते येथेच मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली येथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी मराठी-इंग्रजी शब्दकोशांवर अपार कष्ट घेतले. आमच्या मंडळीत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, त्यांच्या कोशाची धूळ मात्र क्वचितच झटकली जाते. एका शब्दाला दहा अर्थ देऊन त्यांत क्रमांक घालणारा माणूस आमच्या गावात होऊन गेला, आणि आम्ही मोबाइलमधल्या एका शब्दावर समाधान मानले, याचे मला त्या उपदेशकांपेक्षाही अधिक वाईट वाटते. उपदेशक पाहुणे होते. ते सायंकाळच्या गाडीने गेले.

भाचा उपासनेला परत आलेला नाही. येईल असेही मला वाटत नाही, आणि त्याला आग्रह करण्याचा अधिकार, पेटीवर दुसरे कोणी बसले तेव्हा गप्प राहिलेल्या मला उरलेला नाही. पण रात्रीच्या वाचनाला तो येतो, त्याची पाळी असली की नसली तरी. त्या नाताळात आप्पांचे जुने शास्त्र चाळताना त्याला करिंथकरांच्या यादीत पेन्सिलीने अधोरेखित केलेले दोन शब्द सापडले. ते हे दोन नव्हते. 'लोभी' आणि 'मद्यपी' हे होते. शेताच्या बांधावरून आप्पांचे त्यांच्या थोरल्या भावाशी बोलणे तुटले होते आणि ते काका पुढे दारूने गेले. अकराव्या वचनात 'तुमच्यापैकी कित्येक तसे होते' असे आहे, तेथे समासात आप्पांच्या बारीक अक्षरांत काकांच्या नावाचे पहिले अक्षर आहे. भाचा 'तसे' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ बसला होता.

रोमकरांस पत्र आमच्याकडे गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाले. पहिल्या रात्री आम्ही दोन अध्याय वाचले आणि जेवण अर्धा तास उशिरा झाले. रोज एक धरून पुढे मोजले तर करिंथकरांचा सहावा अध्याय एकविसाव्या रात्री येतो आणि पाळ्यांच्या कागदावर त्या रात्रीपुढे भाच्याचे नाव आहे. पाळी बदलायची का, असे मी त्याला विचारले. तो नको म्हणाला. फक्त मराठीतून वाचू की कन्नडमधून, एवढे त्याने आजीला विचारले. आई म्हणाली, "कुठल्यातनंही वाच, पण मोठ्यानं वाच. मला हल्ली कमी ऐकू येतंय."